मालाच्या लिफ्टमधली दुपार

इसम पुरुष, सेवानिवृत्त. उंची मध्यम, बांधा सडपातळ. व्यवसाय: उद्वाहन तंत्रज्ञ, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. ओळखीची खूण: उजव्या तर्जनीवर ग्रीसचा डाग, कुठल्याही साबणाला न जुमानलेला. परदेशगमन: एकवार, सहकुटुंब. प्रवासाचा हेतू: पर्यटन. सोबत नेलेल्या अज्ञान व्यक्ती: एक, वय पाच महिने, दात नाहीत. सदर इसमाविरुद्ध कोणतीही तक्रार प्रलंबित नाही. बायकोच्या तक्रारी या सदरात मोडत नाहीत.

कामावरचे लोक त्याला तोंडावर उस्ताद म्हणायचे आणि पाठीमागे वरखाली. बायको नुसतं 'अहो' म्हणायची. त्या दोन अक्षरांत ती एवढा मजकूर भरायची, की कंपनीच्या साहेबाला तेवढ्यासाठी दोन पानी पत्र लिहावं लागलं असतं.

एका जुन्या इमारतीत तळमजल्याची मागची खोली त्यांना राहायला मिळाली होती. खोलीची एक भिंत लिफ्टची होती. लिफ्ट जाळीच्या दाराची, त्याच्या वडिलांच्या वयाची आणि स्वभावानेही तशीच: प्रत्येक मजल्यावर थांबताना एकदा खाकरणार, निघताना एकदा कण्हणार. पोरीचा पाळणा याच भिंतीला लागून होता, कारण दुसऱ्या भिंतीला कपाट होतं आणि तिसरीला ओल. त्या खडखडाटात पोरगी अशी गाढ झोपायची, की बघणाऱ्याला हेवा वाटावा. बघणारी म्हणजे तिची आई. पोरगी जागी असली की ही जागी, आणि पोरगी झोपली की तिचा श्वास चाललाय ना हे बघायला ही जागी. दुपट्यात गुंडाळलेल्या त्या पोरीला घरात सगळे गाठोडं म्हणत.

परदेशाचं वेड बायकोचं. स्वयंपाकघरात एका कॅलेंडरचं पान होतं. पानावर एक बेट, बेटावर पांढरा दीपस्तंभ आणि पायथ्याशी दोन रिकाम्या खुर्च्या. वर्ष संपलं, कॅलेंडर उतरलं, पान तेवढं राहिलं. "त्या खुर्च्यांवर आपण बसायचं," असं तिने लग्नाच्या पहिल्याच महिन्यात जाहीर केलं होतं. त्या वर्षी ऐन वेळी एका मोठ्या दुकानाची लिफ्ट बंद पडली. पुढच्या वर्षी दोन बंद पडल्या.

"माझी सवत लोखंडाची आहे," ती शेजारणींना सांगायची. "वर तिला महिन्याच्या महिन्याला तेल लागतं."

तिसऱ्या वर्षी गाठोडं झालं, आणि सगळ्यांनी गृहीत धरलं की बेटाचा विषय संपला. बायकोने धरलं नाही.

"पाच महिन्यांचं लेकरू घेऊन परदेशात?" त्याची आई म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"तिथले लोक काय म्हणतात ते मला कळणारच नाहीये, आई. तीच तर मजा आहे."

सासूबाईंनी विमानात बाळाचे कान दुखतात या मुद्द्यावर माघार घेतली.

बायकोची त्याला अट एकच होती. चार दिवस लिफ्ट हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

विमानात गाठोडं इंजिनाच्या आवाजात गाढ झोपलं, आणि दोघांना वाटलं, आपण उगीच घाबरलो. समुद्रकाठच्या त्या हॉटेलात पोचल्यावर बायकोने घरून पाठ करून आणलेलं तिथल्या भाषेतलं वाक्य म्हटलं: आम्हाला शांत खोली हवी. स्वागतकक्षातला माणूस भला होता. बाळाकडे बघून त्याने हॉटेलातली सगळ्यात शांत खोली दिली. पाचवा मजला, कॉरिडॉरचं शेवटचं टोक, जाड गालिचा, जाड पडदे, खिडकीला दुहेरी काच. इतकी शांतता त्या तिघांनी आयुष्यात ऐकली नव्हती. दार लावताच गाठोड्याने डोळे उघडले, चहूकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

त्याआधी वर येताना पाहुण्यांच्या चकचकीत लिफ्टमध्ये तो गप्पच होता. तरी बायकोने डोळे वटारले.

"मी काही बोललो का?"

"तुम्ही नाही. तुमचा कान बोलतोय. भिंतीपासून लांब उभे राहा."

बेटावर जाणारी बोट दिवसातून एकच, दुपारची. पहिल्या दिवशी गाठोडं रडत होतं म्हणून चुकली. दुसऱ्या दिवशी समुद्र खवळलेला होता, म्हणून बोटच सुटली नाही. गाठोडं मात्र सुरूच होतं. पाठीवर थोपटून झालं, गाणी म्हणून झाली, खुळखुळा वाजवून झाला. बायकोच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती दुधाची बाटली उलटी धरून बुचाला दूध पाजू पाहत होती, आणि ते तिच्या लक्षात येत नव्हतं.

"आण इकडे," तो म्हणाला. "मागच्या बागेत फिरवून आणतो."

खरंच तो बागेत निघाला होता. पण जिना उतरताना तिसऱ्या मजल्यावर भिंतीआडून आवाज आला. आधी कण्हणं, मग खाकरणं. परमुलखात आपल्या आळीतला म्हातारा भेटावा तसं त्याला झालं. कामगारांपुरतं असलेलं एक दार ढकलून तो आत गेला. तिथे माल चढवायची जुनी लिफ्ट होती. चादरींच्या ढिगांनी भरलेली ढकलगाडी आणि धोबीखान्याची मुख्य बाई आत उभी होती, अंगापिंडाने भरभक्कम, तोंडात दोन पिना. बाईने बोट हलवून "नाही, नाही" अशी खूण केली. त्याने गाठोड्याकडे बोट दाखवलं, मग लिफ्टकडे, मग हात जोडून गालाला लावले. पाहुणा वेडा आहे की चोर, हे ठरवायला बाईला थोडा वेळ लागला. तोवर दार लागून लिफ्ट निघाली होती आणि गाठोड्याच्या पापण्या जड झाल्या होत्या. तळघरात पोचेपर्यंत ते झोपलं. बाईने तोंडातल्या पिना काढल्या आणि ढिगातली एक उशी त्याच्या कोपराखाली सरकवली.

झोपलेली पोर घेऊन तो खोलीत परतला तेव्हा बायकोने त्याच्याकडे नवा माणूस पाहावा तसं पाहिलं.

"काय केलंत?"

"बाग छान आहे," तो म्हणाला. यात खोटं काही नव्हतं. बाग छानच असावी.

तिसऱ्या दिवशीही बाग छान होती. पण गाठोडं झोपलं ते नेमकं बोटीच्या वेळेला, आणि खोलीत आणताच उठलं. आता उरला शेवटचा दिवस. बायकोने सकाळीच टोपी काढून ठेवली, पिशवी भरली, खुर्चीवर बसायचा झगा इस्त्री केला. रात्रभर ती पुन्हा जागीच होती, पण बोलण्यात उसनी तरतरी होती. "तुम्ही हिला जेवणानंतर लगेच फिरवून झोपवा. मग तशीच उचलून बोटीवर. आज नाही तर कधीच नाही, कळलं ना?"

त्याला कळलं होतं. घरी परतल्यावर पुन्हा लोखंडी सवत, पुन्हा तेल.

तो वेळेवर निघाला. गाठोडं झोपलंही. पण लिफ्ट थांबली की चुळबुळ, म्हणून एक फेरी वाढली, मग आणखी एक. शेवटी पाचव्या मजल्यावर दार उघडलं, तर समोर टोपी घालून बायको उभी. कॉरिडॉरमधून आवाज ऐकून ती माग काढत आली होती. तिने लिफ्ट पाहिली, ढकलगाडी पाहिली, नवरा पाहिला.

"अहो. ही बाग का?"

"झाडं नाहीत, एवढंच."

"चार दिवस. फक्त चार दिवस मागितले होते मी!" ती पोर घ्यायला आत शिरली. थांबलेल्या लिफ्टमध्ये गाठोड्याने तोंड वाकडं केलं, श्वास कोंडला. पुढे काय येणार हे दोघांनाही पाठ होतं.

"चालू करा," बायको दात आवळून म्हणाली. "एक फेरी. मग बोट."

ती चादरींच्या ढिगावर टेकली. लिफ्ट निघाली.

"डोळे मिटले नाहीयेत मी," दुसऱ्या मजल्यावर ती म्हणाली. "नुसते टेकवलेत."

तळघर आलं तेव्हा टोपी घसरून तिच्या नाकावर आली होती आणि तोंड थोडं उघडं होतं.

धोबीखान्याच्या बाईने दार उघडून आत डोकावलं आणि काही न विचारता परत लावलं. बाहेर तिने मुलींना काहीतरी फर्मावलं, आणि चादरी खांद्यावर घेऊन त्या जिन्याने चढू लागल्याचा आवाज आला. तो बटण दाबत राहिला.

बंदर जवळच होतं. पहिला भोंगा तयारीचा. तो वाजला तेव्हा त्याने हात पुढे केला, तिच्या खांद्यापर्यंत नेला. याच खांद्याला हात लावून त्याने तिला कितीदा उठवलं होतं: चहा दे, डबा दे, पोर रडतेय बघ. अडकलेल्या माणसांना लवकरात लवकर लिफ्टबाहेर काढणं हे त्याचं उभ्या आयुष्याचं काम. त्याने हात मागे घेतला आणि पाचव्याचं बटण दाबलं. ही उठल्यावर बोलणार नाही, कदाचित कधीच नाही, हे ठाऊक असून त्याने ते दाबलं. दुसरा भोंगा वाजला तेव्हा लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर खाकरत होती.

ती जागी झाली तेव्हा जिन्याच्या खिडकीत उन्हं कलली होती.

"बोट?"

"गेली."

"भोंगा वाजला नाही?"

"दोनदा वाजला."

"तुम्ही ऐकलात?"

"हो."

"मग?"

सांगण्यासारखं बरंच होतं. त्यातलं त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं: "तू घोरत होतीस."

"मी घोरत नाही," बायको म्हणाली, आणि मग विमानतळापर्यंत एक शब्द बोलली नाही. तिने दोन्ही पिशव्या स्वतः उचलल्या. धोबीखान्याच्या बाईचा निरोप घेताना मात्र तिने तिचे दोन्ही हात धरले, बराच वेळ.

हे सगळं होऊन इतकी वर्षं लोटली, की गाठोडं आता कामानिमित्त महिन्यातून दोनदा विमानात असतं आणि चाकं जमिनीवरून उचलायच्या आत घोरायला लागतं. जाळीच्या दाराची ती लिफ्ट मोडीत निघाली. तो निवृत्त झाला. दुपारी कधी कुठे काही खडखडलं, की तो मान वर करतो, चादरींचा कढत, साबणाचा वास त्याला येतो, आणि क्षणभर वाटतं, अजून कुणाला उठवायचं नाहीये.

आपण चुकलो की बरोबर केलं, हे त्याने बायकोला कधी विचारलं नाही. पण परतल्यावर दुसऱ्याच दिवशी शेजारणी जमल्या होत्या, आणि तो दाराआड मोजे चढवत होता.

"मग, कसा होता परदेश?"

बायकोने गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"झोप फार छान लागते हो तिथे," ती म्हणाली.

ते बेट त्यांनी अजून पाहिलेलं नाही.