दुर्बिणीच्या हट्टापायी

चूक माझीच होती, आणि स्पिरिटचा वास आला की आजही मला स्वतःची चीड येते. पोटदुखीने कळवळणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला मी अड्याळहून भंडाऱ्याला नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्स आहे. आत्ताच पोट उघडून काढू." दुर्बिणीने केलं तर नुसती तीन छिद्रं पडतात, असं मी ऐकलं होतं. "पोरीची जात आहे, उद्या पाहुणे पाहायले येतील. नागपूरले नेतो," मी म्हणालो. "पोरगी तडफडून राहिली अन् तुमाले पाहुणे दिसून राहिले काय?" बायको ओरडली. मी तिलाच दटावलं. वाटेत मुलीचं कण्हणं थांबलं; दुखणं उतरलं म्हणून मी मूर्ख खूशही झालो. प्रत्यक्षात अपेंडिक्स फुटलं होतं. नागपुरात पोट उघडावंच लागलं, तेही बेंबीपासून खालपर्यंत, आणि ती कितीतरी दिवस नळ्या लावून पडून होती. पुढे पाहुणे आले, पोहे खाऊन गेले; पोटाचं कोणी विचारलंही नाही. परवा ती आपल्या लेकीचा खरचटलेला गुडघा स्पिरिटने पुसत होती. मी जवळ बसलो आणि म्हणालो, "माय, तुह्या जिवाच्या आधी मी पाहुण्यायचा विचार केला. मले माफ कर."