बी.ए. झाल्याचं कुंपण

घाणेरी हे शोभेचं झाड आहे, हे माझं मत आजही कायम आहे.

आमच्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्याच सुमारास मी नागपूरहून बी.ए. होऊन शाहपूरला परतलो. घराण्यातला पहिला पदवीधर! पण मी एकट्याने थोडाच शिकलो? शेजारच्या शेतातल्या सुपडूकाकांनी मला केळीच्या गाडीत घडांवर बसवून बुऱ्हाणपूरच्या शाळेत पोचवलं होतं. तिथल्याच लोधीपुऱ्यातल्या मावशीने शाळा संपेपर्यंत जेवू घातलं होतं. अशा उपकारांसाठी नुसते पेढे वाटायचे? छे! मी बिस्तऱ्यातून घाणेरीच्या फांद्या आणल्या. आमच्या प्राध्यापकांच्या बंगल्याला घाणेरीचं, कापून सारखं केलेलं कुंपण होतं. एकाच झुबक्यात पिवळी, केशरी, गुलाबी फुलं!

"पेढे दोन घासांत संपतात," मी पारावर भाषण केलं, "हे झाड पिढ्यान्‌पिढ्या राहील!" (भाषणातला हा एकच मुद्दा पुढे पूर्ण खरा ठरला.)

मी स्वतःच्या हाताने आमच्या बांधावर, काकांच्या बांधावर आणि मावशीच्या परसात फांद्या लावल्या.

"बकऱ्या खातीन नं रे," सुपडूकाका म्हणाले.

"तोंडसुद्धा लावणार नाहीत, काका!"

"म्हंजे बकरीबी खात नाही ते आपन लावू राह्यलो?"

मी हसलो. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बाभळीच्या काट्यांचं कुंपण दर उन्हाळ्यात मोडून पडायचं. माझं उन्हाळ्यातही वाढत होतं! वेळच्या वेळी कापा, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. बुलबुलांना सांगायचं राहून गेलं. त्यांनी काळी फळं खाल्ली आणि बिया विहिरीपासून नाल्यापर्यंत पोचवल्या. पुढच्या पावसाळ्यानंतर मावशीचा निरोप आला, "न्हाणीचं दार उघडत नाही. आता आंघोळ काय तुझ्या पदवीत करू?"

"शहरातल्या लोकांना निसर्गाची आवड नाही," मी आबांना समजावलं.

आबा कोयत्याला धार लावत बसले. त्यांची केळी कापणीला आली होती.

कापणीच्या दिवशी सुपडूकाकांची गाडी घडांनी भरली. संध्याकाळी बुऱ्हाणपूर स्टेशनात वॅगन भरायची होती. ती चुकली असती, तर आबांचं वर्षाचं पीक गावातच सडलं असतं. आमचा बांध एका बाजूला, काकांचा दुसऱ्या, मधून गाडरस्ता. माझी दोन्ही कुंपणं मध्ये येऊन गळ्यात गळे घालून उभी होती! बैल आत शिरले आणि थांबले.

"पुढे हाका!" आबा ओरडले.

"पुढे दिसतं का काही?"

"मग मागे घ्या!"

"मागंबी तेच हाय नं, भाऊ!"

"घाबरू नका," मी म्हणालो. "फांदी लवचिक असते. हे बघा!" मी रुबाबात आत घुसलो. पलीकडे सुखरूप पोचलो. धोतर अलीकडेच राहिलं!

आबांनी शांतपणे माझ्या हातात कोयता दिला. "बी.ए.साहेब, लोकांचे आभार मानून झाले असतील, तर रस्ता करा."

केला! ओरबाडलेल्या हातांनी, काकांचं उपरणं नेसून केला. याच रस्त्याने काकांनी मला शाळेत नेलं होतं, आणि तोच मी बंद केला होता, हे रस्ता मोकळा होईपर्यंत काका ऐकवत राहिले. वॅगन मिळाली. शेवटचा घड चढला आणि इंजिनाने शिट्टी दिली.

दुसऱ्या दिवसापासून मी कुदळ घेऊन पुन्हा सगळ्या उपकारकर्त्यांकडे गेलो. कुंपण लावलं तेव्हा कुणी साधा चहा विचारला नव्हता. उपटलं तेव्हा मावशीने मांडे केले! "लई उपकार झाले रे बापा," म्हणाली.

पदवीवर मास्तरकीची नोकरी मिळायला पुढे फार वाट पाहावी लागली. घाणेरीने मात्र मला जन्माचं काम दिलं. आजही पाऊस सरला की बांधावरून हाक येते, "मास्तर, पुन्हा फुटली, कोयता आना!" मी जातो, घाम गाळून सगळी साफ करतो.

आणि येताना एक फांदी घेऊन येतो. दारात लावायला!