सायलेन्सरला सुतळी

आमच्या गाडीच्या सायलेन्सरला भोक पडलं आणि मी शाळेला कधी निघते ते निम्म्या भूम गावाला घड्याळाशिवाय कळायला लागलं. मी शिकवते ती शाळा लांबच्या वस्तीवर. एसटी तिथं जात नाही. चारचाकी जुनी, पण माझ्या नावावरची. ती गेली असती तर रोज कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून जावं लागलं असतं. त्यापेक्षा मी चालत गेले असते.

सासरे मात्र त्या भोकावर खूश होते. बाईमाणसानं गाडी चालवणं त्यांच्या पचनी कधी पडलंच नव्हतं. आता आयतं कारण मिळालं. "लई बोंब मारती गाडी. रविवारी एक जण बघायला येतोय, देऊन टाकू," त्यांनी जेवताना जाहीर केलं. मेकॅनिकनंही त्यांचीच री ओढली: पाइप सडलाय, वेल्डिंग धरणार नाही. नवरा नोकरीला पुण्यात. तो फोनवर म्हणाला, "आबा म्हणतेत तर इकून टाक." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

शनिवारी सकाळची शाळा करून आले, एका बाजूची चाकं दगडांवर चढवली आणि पोतं अंथरून गाडीखाली शिरले. भोक करंगळी जाईल एवढंच. माझं माहेर तेरखेडा. तिथं फटाके करतात, आणि सुतळी कशी गुंडाळायची ते आईच्या हाताकडं बघत बघत येतं: खळीत भिजवायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून, ओढ कधी सैल सोडायची नाही. हाताला सवय तीच. भोकावर पत्र्याचा तुकडा ठेवला आणि वर खळीतली सुतळी तीन थर आवळली. गाडी चालू केली. आवाज बसला. दोन मिनिटं मी एकटीच हसत उभी होते. मग खालून धूर निघाला. ज्या घरात काडेपेटी उंबऱ्याच्या आत येत नव्हती, त्या घरच्या लेकीनं तापणाऱ्या पाइपाला सुतळी बांधली होती!

सासऱ्यांनी बादलीभर पाणी ओतलं आणि मिशीत हसले. "तेरखेड्याची पोर, बॉम्बच करणार. ऱ्हाऊ दे आता."

"ऱ्हाऊ देत न्हाय, मामा," मी म्हणाले.

लाजेनं कान तापले होते, पण चूक सुतळीची होती, गुंडाळण्याची नव्हती. पाइप गार होऊ दिला. पॉलिश पेपरनं गंज खरवडला, तेलाच्या डब्याची पट्टी कापली, तिच्याखाली सायलेन्सरची पेस्ट भरली आणि वरून स्लॅबच्या सळया बांधायची तार गुंडाळली. वेढ्याला वेढा चिकटून, आईसारखाच. पक्कडीनं पीळ मारताना बोटं सोलली. शेजारणी येऊन वाकून बघून गेल्या. एकीनं चहाचा कप गाडीखाली सरकवला, तो मी आडवी पडूनच प्यायले.

रविवारी गिऱ्हाईक एसटीनं आलं. मी स्टिअरिंगवर बसले आणि चावी फिरवली. गाडी अशी चालली की ओट्यावरचं मांजरसुद्धा उठलं नाही. सासरे खुलले. कालच्या हसण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. "बघा, हाय का आवाज? आता भाव चांगला द्यावा लागंल," ते म्हणाले, जणू गाडीखाली तेच पडले होते. माझ्या सोललेल्या बोटांनी त्यांचाच सौदा पक्का होत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

गिऱ्हाइकानं खिडकीशी वाकून विचारलं, "ताई, जरा उतरता का? एक चक्कर मारून बघतो."

मी उतरले नाही. हात लांब करून शेजारचं दार उघडलं.

"बसा भाऊ," मी म्हणाले. "तुम्हाला स्टँडवर सोडते."