टीचर, विषय द्या ना

मंडळी, दुपारपासून कशात मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

हाटकेशला घरातच माझा छोटा ड्रॉइंग क्लास आहे. आज भूमी आणि तिची आई पेढे घेऊन आल्या. भूमीला इंटरमिजिएटच्या परीक्षेत ए ग्रेड मिळाली.

"टीचर, चित्रकलेचे जादा मार्क आता दहावीला पक्के झाले. आता क्लास बंद करतोय," आई म्हणाली. तिचं तरी काय चुकलं? दहावीच्या एकेका मार्कासाठी जीव काढतात लोक.

मी भूमीला एवढंच म्हटलं, "जायच्या आधी मला एक चित्र काढून दे. परीक्षा नाही, घाई नाही. तुला वाटेल ते काढ."

ती कागद घेऊन बसली. आमचा दोघींचा चहा पिऊन झाला, तरी कागद कोराच.

शेवटी तिने वर बघितलं. "टीचर, विषय द्या ना."

"विषय नाही गं. तुझ्या मनातलं काढ."

ती कसनुसं हसली. "काही सुचतच नाहीये."

त्या गेल्या. कागद अजून टेबलावर आहे, आणि समोर रंगांचं कपाट. कपाटाच्या दारावर स्केचपेनने काढलेला एक मोठा मासा आहे, चष्मा लावलेला. भूमीने पहिलीत असताना माझी नजर चुकवून काढला होता. मला तो कधी पुसवला नाही.

सांगा ना, तेव्हा तिला विषय कोणी दिला होता?