फार म्हणजे किती?

चंद्रभान भोयर घड्याळ उजव्या मनगटावर बांधत, काटे आतल्या बाजूला. कुणी वेळ सांगितली की ती मोठ्याने परत म्हणत. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातली सवय. चहा बशीतून पीत. ग्रामोफोनची तबकडी मात्र बायकोच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने दोनदा पुसल्याशिवाय लावत नसत. संगीत चालू असताना कुणी बोललं, तर सिग्नलसारखा हात आडवा धरत.

रामदासपेठेतल्या रेकॉर्ड मंडळात लतिका हे पाहत असे. एम.ए. झाल्यावर ती तिथल्या तबकड्यांची नोंद बिनपगारी ठेवत होती. १९७९ साली कपाट भरलं. अध्यक्ष दत्तोपंतांनी ठराव केला: एका सिंफनीची एकच तबकडी ठेवायची, बाकीच्या विकायच्या. जर्मन संगीतकार ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीच्या चार होत्या, वाद्यवृंद चालवणाऱ्या चार वेगळ्या कंडक्टरांच्या. चारही चंद्रभानकाकांनी ऐकायला घरी नेलेल्या.

"सूर तेच, वाद्यं तीच," सभेत दत्तोपंत म्हणाले. "त्यातला तो म्हातारा कंडक्टर तर लेटच आहे. पहिली त्याची काढा."

काका उभे राहिले. "तीस वर्स गाड्या चालवल्या मी, कागदावर. लेट म्हनाचं तं टाइमटेबल लागते, पंत. दाखवा."

"स्वरलिपीवर स्पष्ट लिहिलंय. जलद, पण फार नाही."

"फार म्हंजे किती?"

मागे कुणीतरी हसलं. दत्तोपंत हसले नाहीत.

"ब्राम्सनं मिनिटं देल्लेच नाही," काका म्हणाले. "फार म्हंजे किती, ते ज्यानं त्यानं ठरोलं. म्हून चार तबकड्या."

"भोयर, तबकड्या परत करा."

"नाही करत. नाव कापा माह्यं."

आवाज जराही चढला नव्हता. लतिका थक्क झाली. मंडळात दत्तोपंतांना कुणी नाही म्हणत नसे.

"ठीक आहे," दत्तोपंत म्हणाले. "महिन्याभरात चारही वेगळ्या आहेत हे सिद्ध करा. नाहीतर मुकाट्याने आणून द्या."

"एक महिना," काकांनी परत म्हटलं.

रविवारी लतिका त्यांच्या घरी गेली. टेबलावर कंट्रोल ऑफिसातल्यासारखा मोठा चार्ट होता. आडवी मिनिटं, उभी स्टेशनं. फक्त स्टेशनांच्या जागी सिंफनीच्या पहिल्या भागातल्या खुणा: 'व्हायोलिन सुरू', 'शिंगं', 'पहिली चाल परत'. प्रत्येक कंडक्टरची एका रंगाची तिरपी रेघ; काळी आणि हिरवी अजून काढायच्या होत्या. लाल रेघ सरळ चढत होती. निळी जागोजागी आडवी पडत होती.

"रूळ ब्राम्सचे," काका म्हणाले. "ड्रायव्हर वेगळे."

"याइच्या कंडक्टरले तिकिटं फाडा लागत नाही," काकांच्या बायको रुखमाबाई चहा ठेवत म्हणाल्या. "नुसती काडी हालवते अन् पगार घेते."

काकांनी हात आडवा धरला. त्या हसतच आत गेल्या.

निळ्या रेघेवर एक शब्द खोडलेला होता. लतिकाने वाकून वाचला. 'लेट'.

"मीच लिवला होता," काका म्हणाले. "हाताले सवय. मंग पुन्हा आयकलं. हा म्हातारा लेट नाही वं, पोरी. थो मुद्दाम थांबून राहिला. म्हून मंग शिंगं आली का अंगावर येते. पंताले लेट आयकू येते, कारन घड्याळ त्याइच्या डोक्यात हाय."

"आणि तुमच्या मनगटावर आहे."

"म्हून तं आतून बांधतो."

तेविसाव्या दिवशी सकाळी, दाढी करता करता, चंद्रभानकाका गेले.

दत्तोपंतांची चिठ्ठी लतिकाकडे तेरवीनंतर आली. मुदत संपली, चारही तबकड्या घेऊन या. तिने चिठ्ठी तीनदा वाचली. मग चिठ्ठीच्याच मागच्या बाजूला लिहिलं: 'तबकड्या मिळणार नाहीत. फार म्हणजे किती, ते आधी सांगा. नाहीतर माझंही नाव कापा.' चिठ्ठी आणणाऱ्या मंडळाच्या शिपायाच्याच हातात ती परत देऊन लतिका काकांच्या घरी गेली.

चार्ट तसाच होता. लाल, निळी, काळी रेघ शेवटच्या खुणेपर्यंत पोचली होती. हिरवी सात मिनिटं चाळीस सेकंदांवर थांबली होती. बाजूला टोक केलेली हिरवी पेन्सिल, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात: 'इथून पुढचं उद्या.'