नावडत्या विमानात

लेकीकडे परदेशी जाताना माझी आवडती विमान कंपनी म्हणजे गरम जेवण आणि हसरे चेहरे. त्या खेपेला मात्र नावडतीचं तिकीट मिळालं. तिथली हवाई सुंदरी कपाळाला आठ्या घालूनच वावरत होती.

अचानक पुढच्या रांगेतल्या माणसाने बायकोच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. आम्ही सगळे थिजलो. तीच आठ्यांची मुलगी धावली, त्याचं मनगट धरून ओरडली, "हात खाली!" त्याने तिलाही ठोसा मारला. ओठ फुटला, पण तिने पकड सोडली नाही. शेवटी चौघा प्रवाशांनी त्याला आवळून बांधलं.

"ताई, माझ्याजवळ बसा," ती त्याच्या बायकोला म्हणाली.

विमान निवडताना आपण जेवण बघतो, खुर्ची बघतो. वेळ आली तर मध्ये कोण पडेल, हे मनातही येत नाही.

मार खाल्लेली बाई त्या मुलीच्या खांद्यावर झोपली. मुलीच्या फुटलेल्या ओठातून हनुवटीवर आलेलं रक्त वाळत होतं. खांदा हलेल म्हणून तिने ते पुसलं नाही.