भानुकाकांची अठरा वर्षं

भानुकाकांच्या आयुष्यातली अठरा वर्षं मी डिलीट केली होती.

आज सकाळी काका गेले. हार्ट अटॅक. वय चोपन्न.

आकुर्डीत आमच्या शेजारचं दार त्यांचं. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर होते, अठ्ठावीस वर्षं. वर्कशॉप बंद पडलं आणि काका बायोडेटा करून घ्यायला माझ्याकडे आले. मी चाकणला एका कंपनीत एचआरमध्ये, म्हणून.

"काका, अनुभव दहाच वर्षं लिहू. अठ्ठावीस म्हटलं की वय कळतं. मग पुढचं कुणी वाचत नाही."

"खोटं न्हाई ना व्हायचं?"

"खोटं नाही हो. फक्त कमी."

केवढी हुशार समजत होते मी स्वतःला!

इंटरव्ह्यूत आधार कार्ड मागितलं. जन्मतारीख बघून पंचविशीतला इंजिनिअर म्हणाला, "मग मधली अठरा वर्षं कुठे होता?"

काका बायोडेटा घडी करून तसेच उठून आले. घरी येऊन मला म्हणाले, "काय सांगणार पोरी? कागद खोटा म्हणू का सोताला?"



तरी गडी खचला नाही. सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनचा, कोर्स केला. मुलांच्या वयाच्या पोरांत, पहिल्या बाकावर बसून. वर्गात पहिले आले. सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं.

प्लेसमेंटला आलेल्या सगळ्या कंपन्यांची अट एकच. वय पस्तिशीच्या आत.

त्यातली एक कंपनी माझीच. जाहिरात मीच टाइप केलेली.

एकदा वयाची ती ओळ काढून जाहिरात पाठवली होती. साहेबांनी परत पाठवली. "जुनंच फॉरमॅट ठेवा."

ठेवलं. फ्लॅटचे हप्ते आहेत. मीही त्रेचाळीसची झालेय. ही नोकरी सुटली तर मला कोण घेणार?

काका शेवटी आमच्याच गेटवर वॉचमन म्हणून लागले. दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहायचे, कान मात्र आतल्या मशिन शॉपकडे.

"वैशाली, तीन नंबरच्या मशिनचं बेअरिंग खराब व्हायला लागलंय. सांग कुनाला तरी."

मी सांगितलं. सगळे हसले. वॉचमनला काय कळतं!

तिसऱ्या दिवशी मशिन बंद पडलं. तेव्हाही काकांना कुणी आत बोलावलं नाही. मीसुद्धा नाही.

आज दुपारी काकूंनी ते सर्टिफिकेट माझ्या हातात दिलं.

"लई जपून ठिवलं व्हतं त्यांनी. हे कुठं द्यायचं असतंय गं?"

मी घरी येऊन त्यांचा जुना बायोडेटा उघडला.

काका, बायोडेटा दुरुस्त केलाय. फार उशिरा केलाय.

भानुदास. टर्नर. सीएनसीचं प्रशिक्षण पूर्ण.
अनुभव अठ्ठावीस वर्षं.

त्या सगळ्या वर्षांसकट तुम्हाला भावपूर्ण श्रद्धांजली.